कीटकांची प्रतिकारक्षमता आणि ‘प्रतिपिंड’ ही संज्ञा : जंतुनाशक पेप्टाइडांच्या शोधाचा इतिहास

१

इ. स. १९८१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधील हान्स बोमान व त्यांचे सहकारी यांचा एक आटोपशीर निबंध प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेत आढळणाऱ्या ‘सेक्रोपिया’ नावाच्या मोठ्या रेशीमपतंगाच्या कोशांतील रक्तातून दोन लहान जंतुनाशक प्रथिने शुद्ध स्वरूपात वेगळी करून त्यांतील अमिनो आम्लांचा क्रम त्या निबंधात दिला होता. एका साखळीत ३७ दुवे होते, दुसरीत ३५. पतंगाच्या नावावरून या प्रथिनांना ‘सेक्रोपिन’ ही संज्ञा मिळाली. प्राण्यांच्या शरीरात निर्माण होणाऱ्या जंतुनाशक पेप्टाइडांचा जो विस्तृत अभ्यास पुढे उभा राहिला, त्याचा आरंभ सामान्यतः या निबंधापासून मानला जातो. आज अशा पेप्टाइडांची संख्या तीन हजारांच्या वर गेली आहे.

इतिहासाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी गोष्ट मात्र निराळीच आहे. मारलेले जंतू टोचलेला सुरवंट पुढे त्याच जातीच्या जिवंत जंतूंना दाद देत नाही, हे १९२० च्या सुमारास निश्चितपणे ठाऊक झाले होते. ज्या द्रव्यामुळे हे घडते ते त्याच्या रक्तातच असले पाहिजे, हेही तेव्हाच्या संशोधकांनी ओळखले होते. असे असता ते द्रव्य हाती येण्यास साठ वर्षे का लागावीत? साधनांची उणीव हे याचे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. तथापि ते अपुरे आहे. या साठ वर्षांतील निबंधांची नुसती शीर्षके जरी लक्षपूर्वक वाचली, तरी एक दुसरे कारण दिसू लागते. संशोधक ज्या शब्दांनी प्रश्न विचारीत होते, ते शब्द दुसऱ्या प्राण्यांच्या शरीरावरून घेतलेले होते. कीटकाच्या रक्तात ते जे शोधीत होते ते तेथे नव्हते, आणि जे तेथे होते त्याला नाव नव्हते. शब्दाने शोधाला दिशा कशी दिली, ती कशी अडवली, आणि पुढे वैद्यकाच्या क्षेत्रात दुसऱ्या एका शब्दाने याच द्रव्यांविषयी अवास्तव अपेक्षा कशा निर्माण केल्या, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

‘रोगप्रतिकारक्षमता’ या अर्थाने युरोपीय भाषांत रूढ असलेला ‘इम्युनिटी’ हा शब्द मूळचा वैद्यकातील नव्हे. लॅटिनमधील ‘मुनुस’ म्हणजे नागरिकावरील सार्वजनिक भार, कर्तव्य किंवा कर. त्यातून ज्याला सूट मिळाली तो ‘इम्युनिस’. मराठी महसुली भाषेत सांगायचे तर सारामाफी असलेला. या मूळ अर्थात लढ्याची कल्पना नाही, शत्रूचीही नाही. जो रोग इतरांना होतो तो अमुक एका माणसाला होत नाही, एवढीच वस्तुस्थिती त्यात नोंदलेली आहे. ती कशामुळे, याविषयी शब्द मौन बाळगतो.

हे मौन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भंगले. १८८२ मध्ये मेसिना येथे इलिया मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि त्याभोवती भटक्या पेशी गोळा होताना पाहिल्या. रोगजंतूंना गिळणाऱ्या पेशी हाच संरक्षणाचा पाया, असा सिद्धांत त्यांनी मांडला. दोन वर्षांनी त्यांनी पाणपिसूच्या शरीरातही हाच प्रकार दाखवून दिला. म्हणजे प्रतिकारक्षमतेच्या आधुनिक विचाराचा पहिला पुरावा अपृष्ठवंशीय प्राण्यांतूनच आला होता. परंतु १८९० मध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या विषांना निष्प्रभ करणारा गुण रक्तद्रवात असतो हे सिद्ध केले, आणि १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांनी ‘आंटीक्योर्पर’ ही जर्मन संज्ञा वापरली. इंग्रजीतील ‘अँटिबॉडी’ आणि मराठीतील ‘प्रतिपिंड’ ही तिचीच शब्दशः भाषांतरे होत.

या संज्ञेच्या घडणीकडे बारकाईने पाहिले पाहिजे. तिच्यातील ‘प्रति’ हा उपसर्ग एकटा उभा राहू शकत नाही. प्रतिध्वनीला ध्वनी लागतो, प्रतिबिंबाला बिंब लागते. तसेच प्रतिपिंड म्हटले की ते कशाचे प्रतिपिंड, हा प्रश्न ओघानेच येतो. प्रत्येक जंतूसाठी वा विषासाठी एक ठरावीक प्रतिपिंड, कुलपाला किल्ली बसावी तसे नेमके बसणारे, ही कल्पना त्या शब्दात आधीच गृहीत आहे. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत हे गृहीतक बव्हंशी खरे ठरले आणि लसविद्येचा सारा प्रपंच त्यावर उभा राहिला. मेचनिकॉफ व एर्लिख यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले खरे. परंतु पुढची कित्येक दशके राज्य केले ते प्रतिपिंडानेच.

३

कीटकांच्या प्रतिकारक्षमतेचा प्रत्यक्ष अभ्यास सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर. अमेरिकेत आर. डब्ल्यू. ग्लेझर यांनी १९१८ मध्ये कीटकांत अशी काही तत्त्वे आहेत काय, हा प्रश्न उपस्थित केला. फ्रान्समध्ये आंद्रे पायो आणि रशियातून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आलेले सेर्गेई मेतालनिकॉव्ह या दोघांनी १९२० च्या सुमारास सुरवंटांवर स्वतंत्रपणे प्रयोग केले. मेतालनिकॉव्ह यांनी निवडलेला प्राणी म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातील मेण खाणारा पतंग. त्याच्या अळ्यांना मारलेल्या किंवा दुर्बल केलेल्या जंतूंची लस टोचली असता त्या नंतर दिलेल्या मारक मात्रेतूनही वाचतात, असे त्यांना दिसून आले. लसीकरण कीटकातही साधते, असा याचा अर्थ सहजच घेण्यात आला.

शोधाची गाडी अडली ती येथेच. सस्तन प्राण्यांच्या लसीकरणानंतर रक्तात जे गुणधर्म दिसतात, म्हणजे जंतूंच्या गुठळ्या होणे किंवा विरघळलेले प्रथिन खाली बसणे, तेच कीटकाच्या रक्तात पाहण्याचे प्रयत्न सुरू झाले. ते वारंवार फसले. १९५२ मध्ये बर्नहायमर, कॅस्पारी आणि कायझर या अमेरिकन संशोधकांनी या विषयावर लिहिलेल्या निबंधाचे शीर्षकच ‘सुरवंटांमधील प्रतिपिंडनिर्मिती’ अशा आशयाचे होते. प्रतिपिंडे तयार होतात असा निर्णायक पुरावा त्यांना मिळाला नाही. नकारार्थी उत्तर प्रामाणिक होते आणि बिनचूकही होते. परंतु ज्या प्रश्नाचे ते उत्तर होते, तो प्रश्न सुरवंटाला लागू पडत नव्हता.

याच दशकात काही निरीक्षणे अशी पुढे आली की त्यांनी खरे तर संज्ञेविषयीच शंका घ्यावयास हवी होती. ब्रिग्ज यांनी १९५८ मध्ये आणि कॅनडातील जून स्टीफन्स यांनी १९५९ ते १९६२ या काळात दाखवून दिले की, लस टोचल्यानंतर सुरवंटाच्या रक्तात जंतू मारण्याचा गुण सुमारे एका दिवसाच्या आत उत्पन्न होतो आणि काही दिवसांत तो ओसरूनही जातो. शिवाय एका जंतूची लस दिली तरी दुसऱ्या जातीच्या जंतूंपासूनही संरक्षण मिळते. प्रतिपिंडाची तीन लक्षणे मानली जात : ते सावकाश तयार होते, दीर्घकाळ टिकते आणि नेमक्या एकाच शत्रूला ओळखते. सुरवंटातील द्रव्याची लक्षणे या तिन्ही बाबतीत उलट होती. तरीही बहुतेक लेखनात या द्रव्याचे वर्णन ‘विशिष्ट नसलेली’, ‘अल्पकालीन’, ‘प्रतिपिंडविरहित’ अशा अभावदर्शक विशेषणांनीच होत राहिले. एखादी वस्तू काय नाही हे सांगणारी नावे तिच्याकडे जाण्याची वाट दाखवीत नाहीत.

एक भावरूप नाव उपलब्ध होते, ते ‘लायसोझाइम’. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये शोधलेले हे जंतुभेदक विकर कीटकांच्या रक्तातही सापडते. १९६८ मध्ये मोहरिग आणि मेसनर या जर्मन संशोधकांनी तेच कीटकांच्या संरक्षणातील मूलभूत द्रव्य होय असे प्रतिपादन केले. हे स्पष्टीकरण अंशतः खरे होते. परंतु लायसोझाइमचा फारसा परिणाम न होणारे अनेक जंतूही लस टोचलेल्या सुरवंटाच्या रक्तात मरत होते. ओळखीचे नाव मिळाल्यामुळे शोध थांबण्याचा धोका येथे दुसऱ्यांदा उत्पन्न झाला.

४

बोमान यांची पूर्वपीठिका प्रतिपिंडांच्या अभ्यासकाची नव्हती. ते जीवरसायनज्ञ होते आणि जंतूंना पेनिसिलिनवर्गीय औषधांपुढे टिकून राहण्याची शक्ती कशी येते, यावर त्यांनी उमेआ येथे काम केले होते. जंतूच्या बाजूने विचार करण्याची सवय असलेल्या या संशोधकाने कीटकाला विचारलेला प्रश्न वेगळा होता. शरीरात प्रतिपिंड आहे काय, हे त्यांनी विचारले नाही. जंतू शिरल्यानंतर शरीर नव्याने काय तयार करते, हे त्यांनी विचारले. १९७२ मध्ये निल्सन व रासमुसन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी फळमाशीमध्ये जंतुविरोधी संरक्षण ‘उद्दीपित’ करता येते असे मांडले. ‘उद्दीपन’ हा शब्द जंतूंच्या आनुवंशिकीतून आलेला होता. योग्य कारण घडताच जनुक जागे होऊन प्रथिन बनू लागते, असा त्याचा आशय. या एका शब्दाबरोबर लसीकरणाची सारी उपमा मागे पडली.

फळमाशीत रक्त अत्यल्प मिळते. म्हणून बोमान यांच्या गटाने सेक्रोपिया पतंगाकडे मोर्चा वळवला. लिनीअस याने १७५८ मध्ये या पतंगाला अथेन्सच्या पुराणकथेतील अर्धमानव व अर्धसर्प अशा केक्रोप्स राजाचे नाव दिले होते. विदर्भात ऐन व अर्जुन या झाडांवर वाढवला जाणारा टसरचा पतंग याच कुळातला. या कुळातील पतंगांचे कोश आकाराने मोठे असतात. सेक्रोपियाचा कोश तर संपूर्ण हिवाळा सुप्तावस्थेत काढतो आणि त्या काळात त्याच्या शरीरातील प्रथिननिर्मिती जवळजवळ थंडावलेली असते. प्रयोगाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. सुप्त कोशाला निरुपद्रवी जंतू टोचून त्याबरोबर किरणोत्सर्गी अमिनो आम्ले दिली, तर जी काही मोजकी प्रथिने त्यानंतर तयार होतील त्यांच्यावरच ती खूण उमटणार. शांत घरात एखादे भांडे पडावे आणि त्याचा आवाज स्वच्छ ऐकू यावा, तशी ही योजना होती. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून जंतुनाशक गुण आणि ठरावीक प्रथिनांची निर्मिती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात हे स्पष्ट झाले.

पुढच्या वर्षी बोमान स्टॉकहोम विद्यापीठात गेले. १९८० मध्ये त्यांच्या गटाने तीन जंतुनाशक प्रथिने शुद्ध केली. त्यांपैकी एक लायसोझाइम होते. उरलेल्या दोघांना त्या वेळी ‘पी ९ ए’ व ‘पी ९ बी’ अशा प्रयोगशाळेतील खुणांव्यतिरिक्त नाव नव्हते. हीच ती सेक्रोपिने. लहान प्रथिने वेगळी करण्याच्या आणि त्यांचा क्रम वाचण्याच्या पद्धती तोवर पुष्कळच सुधारल्या होत्या. त्यांच्याविना हे यश अशक्य होते. तथापि साधने अनेकांपाशी होती. त्या साधनांनी काय शोधावे, हे ठरवणारा प्रश्न मात्र बदललेल्या शब्दांमुळेच सुचला होता.

५

सेक्रोपिनच्या कार्यपद्धतीचा उलगडा झाला तेव्हा प्रतिपिंडाची उपमा किती गैरलागू होती हे पुरते ध्यानी आले. या साखळीचा आरंभीचा भाग धनभारित असतो, शेवटचा भाग स्निग्ध पदार्थांत मिसळणारा असतो, आणि मध्ये एक लवचिक सांधा असतो. जंतूच्या बाह्य आवरणावर ऋणभार असतो; प्राण्यांच्या पेशींच्या बाह्य पृष्ठावर तो जवळजवळ नसतो आणि त्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे सेक्रोपिन जंतूकडे ओढले जाते, त्याच्या पटलात शिरते व पटलाची अखंडता नष्ट करते. पेशी त्यामुळे गळू लागते आणि मरते.

याचा सर्वांत सुंदर पुरावा रसायनशास्त्राने दिला. साखळीतील दुवे एकामागून एक जोडून पेप्टाइड बनवण्याची पद्धत शोधून काढणारे ब्रूस मेरीफील्ड यांनी बोमान यांच्याबरोबर सेक्रोपिन कृत्रिम रीतीने तयार केले. या पद्धतीबद्दलच मेरीफील्ड यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० मध्ये या मंडळींनी सेक्रोपिनची आरशातील प्रतिमा तयार केली; म्हणजे त्यातील प्रत्येक अमिनो आम्ल निसर्गात आढळते त्याच्या उलट हाताचे होते. सेक्रोपिनचे कार्य जर कुलूप-किल्लीसारखे असते, तर डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला बसत नाही तशी ही प्रतिमा निरुपयोगी ठरली असती. प्रत्यक्षात ती मूळ पेप्टाइडाइतकीच प्रभावी ठरली. एर्लिख यांच्या संज्ञेत अंतर्भूत असलेली नेमक्या जोडीची कल्पना या द्रव्याच्या बाबतीत सुतराम लागू नाही, हे यावरून सिद्ध झाले.

६

एकदा नाव मिळाल्यावर त्या नावाखाली नव्या वस्तू झपाट्याने गोळा होऊ लागल्या. जपानमध्ये मात्सुयामा व नातोरी यांनी १९८८ मध्ये मांसमाशीतून ‘सॅपेसिन’ वेगळे केले. हे नाव ‘सार्कोफागा पेरेग्रिना’ या माशीच्या शास्त्रीय नावातील अक्षरांवरून बनवलेले. पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्ग येथील ज्यूल हॉफमन यांच्या गटाने दुसऱ्या एका माशीत अशाच पेप्टाइडांचा शोध लावला व त्यांना ‘कीटक डिफेन्सिन’ म्हटले. कारण १९८५ मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशींत सापडलेल्या ‘डिफेन्सिन’ या पेप्टाइडांशी त्यांचे साम्य दिसत होते. जपानी नाव जन्मस्थान सांगणारे होते, फ्रेंच नाव नाते सांगणारे. शास्त्रीय लेखनात नाते सांगणारे नाव टिकले.

पण नात्याचा दावा नावाने केला म्हणजे तो सिद्ध होत नाही. भाषाशास्त्रात दोन भाषांतील शब्द रूपाने व अर्थाने सारखे दिसले, तरी नियमित ध्वनिसंवाद सापडेपर्यंत त्यांना सगोत्र मानीत नाहीत. कीटक डिफेन्सिनाची रचना तपासली असता ती विंचवाच्या विषातील काही पेप्टाइडांशी अधिक जुळते असे दिसले, आणि २०१६ मध्ये झालेल्या विश्लेषणात पृष्ठवंशीयांची व कीटकांची डिफेन्सिने ही दोन निरनिराळ्या मूळ घराण्यांतून आलेली असून त्यांचे साम्य स्वतंत्रपणे उत्पन्न झाले आहे, असा निष्कर्ष निघाला. असाच एक प्रसंग बोमान यांच्या गटावरही ओढवला. १९८९ मध्ये डुकराच्या आतड्यातून मिळालेल्या पेप्टाइडाला त्यांनी ‘सेक्रोपिन पी १’ असे नाव दिले होते व सस्तन प्राण्यांतही सेक्रोपिने असतात असे मानले होते. २००३ मध्ये त्याच गटाने दाखवून दिले की ते पेप्टाइड डुकराचे नसून त्याच्या आतड्यातील जंताचे होते. आपणच दिलेल्या नावाची अशी पुनर्तपासणी करणे ही शास्त्रीय शिस्तीची उत्तम खूण होय.

उलट दिशेचे एक उदाहरणही येथे नमूद केले पाहिजे. फळमाशीच्या गर्भात पाठ व पोट यांची दिशा ठरवणाऱ्या एका जनुकाला ट्यूबिंगेन येथील क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ट यांच्या प्रयोगशाळेत ‘टोल’ हे नाव पडले. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘वेडा’ असाही होतो आणि बोलण्यात ‘अफलातून’ असाही. नावात कोणताही सिद्धांत नव्हता. होता तो केवळ विस्मय. म्हणूनच की काय, १९९६ मध्ये हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो लमेत्र यांनी जेव्हा दाखवून दिले की हेच जनुक बिघडलेली प्रौढ माशी बुरशीच्या संसर्गाने मरते, कारण ‘ड्रोसोमायसिन’ हे बुरशीनाशक पेप्टाइड ती पुरेसे निर्माण करू शकत नाही, तेव्हा हा नवा अर्थ स्वीकारण्यात नावाने आडकाठी केली नाही. पुढील दोन वर्षांत टोलसदृश जनुके माणसांत व उंदरांत सापडली आणि जंतूची पहिली चाहूल शरीराला कशी लागते, हे जुने कोडे सुटू लागले. याबद्दल हॉफमन व ब्रूस बॉयटलर यांना राल्फ स्टाइनमन यांच्यासह २०११ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एके काळी माणसाच्या शब्दांनी माशीचा अभ्यास होत होता. आता माशीवरून घेतलेल्या शब्दाने माणसाचा अभ्यास होऊ लागला. मेचनिकॉफ यांचे ऋणही विसरले गेले नाही : १९९५ मध्ये फळमाशीतील एका पेप्टाइडाला ‘मेचनिकोविन’ असे नाव देण्यात आले.

७

वैद्यकीय उपयोगाच्या इतिहासात दुसऱ्या एका संज्ञेचा प्रभाव दिसतो, ती म्हणजे ‘अँटिबायोटिक’, मराठीत ‘प्रतिजैविक’. पेनिसिलिनच्या यशानंतर या शब्दाला एक ठरावीक चित्र चिकटले होते. बाहेरून शरीरात सोडावयाचे, रक्तातून सर्वत्र पसरणारे, एकट्याने काम भागवणारे असे ते द्रव्य. सेक्रोपिन आणि त्याचे भाईबंद यांना ‘पेप्टाइड प्रतिजैविके’ म्हटले जाऊ लागले, त्याबरोबर हे चित्रही त्यांच्यावर आरोपित झाले.

गरज खरी होती आणि ती आज अधिक तीव्र आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. जंतूच्या पटलावरच आघात करणाऱ्या द्रव्यापुढे जंतूला टिकाव धरणे कठीण जाईल, ही अपेक्षा त्यामुळे स्वाभाविक होती. बोमान व मेरीफील्ड यांच्या गटाने १९८९ मध्ये सेक्रोपिनचा तुकडा मधमाशीच्या विषातील मेलिटिनच्या तुकड्याशी जोडून संकरित पेप्टाइडेही तयार केली. ती जंतूंवर अधिक व्यापक प्रमाणात परिणाम करीत.

परंतु अडचणी लवकरच समोर आल्या. रक्तातील व आतड्यातील विकरे अशी पेप्टाइडे तोडून टाकतात. मात्रा वाढवली तर शरीराच्या पेशींनाही अपाय होऊ शकतो. आणि बुरशीपासून मिळणाऱ्या औषधांच्या मानाने त्यांचा उत्पादनखर्च फार. या क्षेत्रातील पहिली मोठी कसोटी कीटकाच्या नव्हे, बेडकाच्या पेप्टाइडाची झाली. १९८७ मध्ये मायकेल झास्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या त्वचेतून मिळवलेल्या पेप्टाइडांना ‘ढाल’ या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून ‘मॅगेनिन’ हे नाव दिले. त्यापासून बनवलेले ‘पेक्सिगॅनान’ हे मधुमेहींच्या पायावरील जखमांसाठीचे मलम १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केले नाही. २००६ मध्ये झास्लॉफ ज्यांत सहभागी होते अशा प्रयोगाने हेही दाखवून दिले की, मात्रा हळूहळू वाढवीत नेल्यास काहीशे पिढ्यांत जंतू या पेप्टाइडालाही सरावतात. कीटकांचे रोगजंतू ही गोष्ट फार पूर्वीच शिकले होते. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा जंतू सेक्रोपिनचे तुकडे करणारे विकर स्रवतो, असे स्टॉकहोमच्याच गटाने १९८४ मध्ये नोंदवले होते. तेव्हा कीटकांच्या जंतुनाशक पेप्टाइडांपैकी एकही जंतुसंसर्गावरील सर्वमान्य औषध म्हणून रुग्णालयांत अद्याप रूढ झालेले नाही, यात नवल नाही.

याचा अर्थ आशेला जागा नाही असा नव्हे. ती अन्यत्र आहे. पटल न फोडता जंतूच्या आतील यंत्रणेवर नेमका घाव घालणारी काही कीटक-पेप्टाइडे सापडली आहेत. मधमाशीतील ‘अपिडेसिन’ १९८९ मध्ये वर्णिले गेले. त्यात केवळ १८ दुवे आहेत. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमवर त्याचा परिणाम होतो हे २०१४ नंतर स्पष्ट झाले, आणि २०१७ मध्ये त्याच्या एका सुधारित रूपाविषयी असे आढळले की ते प्रथिनाच्या संदेशातील विरामचिन्हापाशी रायबोसोमला खिळवून ठेवते. वाक्य संपले तरी वाचकाला पुढच्या वाक्याकडे जाता येऊ नये, तशी जंतूची अवस्था होते. १९९६ मध्ये एका शिकारी ढेकणातून मिळालेल्या २१ दुव्यांच्या पेप्टाइडाला ग्रीक मृत्युदेवतेवरून ‘थॅनॅटिन’ हे नाव मिळाले. जंतूच्या बाह्य पटलाची सामग्री वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीत ते अडथळा आणते, हे २०१८ मध्ये दिसून आले. या दोन्ही उदाहरणांत औषधशास्त्राला लाभले ते जंतूच्या मर्मस्थानाचे ज्ञान. त्याच्या आधारे अधिक टिकाऊ कृत्रिम रेणू घडवण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला आहे.

आणि एक उपयोग तर या सर्व संज्ञांच्या आधीपासून चालत आलेला आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदाने सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन जखमी सैनिक पाहिले. त्यांच्या जखमांत किडे वळवळत होते, परंतु ते किडे काढून टाकल्यावर खालचे मांस निरोगी, गुलाबी दिसले. पुढे बाल्टिमोर येथे त्यांनी हाडांच्या चिवट संसर्गावर माशीच्या अळ्यांचा उपचार पद्धतशीरपणे केला; त्याचा वृत्तांत १९३१ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. पेनिसिलिनच्या आगमनानंतर ही पद्धत मागे पडली, पण औषधांना न जुमानणाऱ्या जखमांच्या निमित्ताने ती परतली. २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या अळ्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. २०१० मध्ये त्याच अळ्यांतून ‘ल्युसिफेन्सिन’ नावाचे डिफेन्सिन वेगळे करण्यात आले. अळी मृत मांस विरघळवून खाते, जखम स्वच्छ करते आणि जंतुनाशक द्रव्येही स्रवते. यांपैकी कोणतेही एक काम तोडून बाटलीत भरले, तर उपचाराचा तेवढाच अंश हाती लागतो.

८

२०१९ मध्ये लमेत्र यांच्या लोझान येथील प्रयोगशाळेने फळमाशीतील १४ जंतुनाशक पेप्टाइडांची जनुके एकाच माशीतून काढून टाकली. अशा माश्या विशेषतः ग्रॅम-ऋण जंतूंपुढे हतबल ठरल्या. जनुके निरनिराळ्या गटांनी काढली असता दोन गोष्टी आढळल्या : काही जंतूंविरुद्ध अनेक पेप्टाइडे मिळून काम करतात, तर एखाद्या जंतूविरुद्ध एकच पेप्टाइड जवळजवळ सारे काम करते. म्हणजे ‘विशिष्ट नसलेले संरक्षण’ हे जुने अभावदर्शक वर्णनही सर्वस्वी बरोबर नव्हते. निसर्ग येथे एका द्रव्यावर विसंबत नाही. अनेक द्रव्ये अल्पकाळ, एकाच वेळी आणि जेथे गरज तेथे वापरली जातात. औषध म्हणून यांचा विचार करताना प्रतिजैविकाचे जुने चित्र बाजूला ठेवून ही व्यवस्थाच समजून घेतली पाहिजे, असा याचा निष्कर्ष होतो.

या शतकभराच्या इतिहासात कोणाही संशोधकाला दोष देण्याचे कारण नाही. मेतालनिकॉव्ह, पायो किंवा स्टीफन्स यांची निरीक्षणे आजही खरीच आहेत. जुने पडले ते त्यांना उपलब्ध असलेले शब्द. नव्या वस्तूला जुने नाव देणे अपरिहार्य असते, कारण नाव दिल्याशिवाय तिच्याविषयी बोलताच येत नाही. मात्र नावाबरोबर त्यातील गृहीतकेही येतात, आणि ती तपासण्याचे काम प्रयोगशाळेइतकेच भाषेचेही आहे. मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप घडत आहे. ‘प्रति’ हा उपसर्ग जोडून आणखी एक संज्ञा बनवणे सोपे आहे. परंतु तो उपसर्ग कशाची जोडी गृहीत धरतो आणि प्रत्यक्षात ती जोडी अस्तित्वात आहे काय, एवढे पाहून मगच तो वापरला, तर सुरवंटाच्या रक्तापाशी साठ वर्षे खोळंबलेल्या शोधापासून काहीतरी शिकल्यासारखे होईल.